मदत हवी आहे: दोघांची सहल, ठाण्याचे घर आणि साताऱ्याची आई यांत सुट्टीचे दिवस कसे वाटावेत?

नमस्कार.

आम्ही दोघे खारघरला राहतो. माझे पती ऐरोलीला एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीत आहेत आणि त्यांना दर शनिवार-रविवार सुट्टी असते. मी बँकेत अधिकारी आहे. बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून फक्त दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी मिळते, त्यामुळे आम्हा दोघांना सलग दोन दिवस एकत्र मिळतात ते महिन्यातल्या त्या दोनच आठवड्यांत. सासू-सासरे ठाण्याला नौपाड्यात राहतात, माझी आई साताऱ्याला एकटी असते आणि सासरचा गणपती कुडाळजवळच्या गावी बसतो. या सगळ्यांसाठी आणि आमच्या दोघांसाठी ते दोन शनिवार कसे वाटावेत, हा माझा प्रश्न आहे. तो केवळ वेळापत्रकाचा असता, तर मी येथे विचारला नसता.

दुसरा शनिवार जवळ आला की ठाण्याहून सासूबाईंचा फोन येतो आणि त्या विचारतात, "येताय ना रे दोघं?" त्यात सक्ती नसते, खरोखर माया असते. पनवेल-ठाणे लोकल थेट असल्यामुळे अंतराचे कारणही आम्हाला देता येत नाही, आणि द्यावेसे वाटतही नाही. पण हळूहळू असे झाले आहे की ठाण्याला जायला कोणतेही कारण लागत नाही आणि आम्ही दोघांनी कुठे जायचे म्हटले, तर कारण लागते. लग्नाचा वाढदिवस असेल, तर ते कारण चालते. "आम्हाला दोन दिवस दोघांनीच राहावेसे वाटते" हे मात्र कारण म्हणून धरले जात नाही. त्यात आम्हाला अजून मूल नाही. त्यामुळे काही नातेवाईक म्हणतात, "आत्ताच हिंडून घ्या," आणि काही म्हणतात, "तुम्हाला कसला पाश आहे? तुम्हीच यायला हवं." दोन्ही वाक्ये एकाच समारंभात ऐकावी लागतात.

दोघांच्या या वेळेचे महत्त्व मला थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते, कारण ती चैन आहे असा समज मला घरोघरी दिसतो. यांच्या कंपनीचे ग्राहक अमेरिकेतले असल्याने यांच्या बैठका रात्री उशिरापर्यंत चालतात, आणि मी सकाळी आठला घर सोडते. आठवडाभर आमचे बोलणे दूध, सिलिंडर, सोसायटीची वर्गणी आणि गाडीचा विमा यांपलीकडे क्वचितच जाते. तेच आम्ही एक रात्र जरी भंडारदऱ्याला किंवा रेवदंड्याला राहिलो, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वेगळ्या विषयांवर बोलू लागतो: नोकरी बदलावी का, मुलाचा विचार कधी करावा, आईला पुढे कुठे ठेवावे. आमच्या संसारातले जवळजवळ सगळे मोठे निर्णय घराबाहेर झाले आहेत. म्हणून ही वेळ कुणी शिल्लक ठेवली तरच मिळेल, अशी असू नये, असे मला मनापासून वाटते.

आता सासूबाईंची बाजू सांगते, कारण त्यांच्याविषयी तक्रार करण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांचे लग्न झाले तेव्हा दोन खोल्यांत सात माणसे होती. सुट्टी म्हणजे मे महिन्यात गावी जाणे आणि तिथे चुलीपुढे बसून तीसजणांचे जेवण करणे. सासऱ्यांबरोबर दोघांनीच त्या कधीही कुठे गेलेल्या नाहीत. मागच्या पावसाळ्यानंतर आमचे भंडारदऱ्याचे फोटो पाहताना त्या म्हणाल्या, "पाण्याकाठी असं नुसतं बसायला मलाही आवडलं असतं गं." त्यांचा सूर टोमण्याचा नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्यांना आम्हाला अडवायचे नाही, त्यांना स्वतःलाही जायचे आहे.

त्यावर सगळे सुचवतात की मग चौघे मिळून जा. तसे आम्ही गेलो आहोत, पुढेही जाऊ, आणि त्या सहली मला आवडतात. पण ती सहल वेगळी असते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सासऱ्यांना मधुमेह आहे. त्यामुळे तळमजल्यावरची खोली, कमोड, वेळेवर साधे जेवण आणि वाटेत दर तासा-दीड तासाने थांबा, हे सगळे आधी पाहावे लागते. माथेरानला दस्तुरीपाशी गाडी ठेवावी लागते आणि पुढे मोटारींना बंदी आहे. आम्ही दोघे तेथून रमतगमत चालत जातो, पण त्यांना न्यायचे असेल, तर अमन लॉज स्थानकाहून सुटणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीची वेळ साधावी लागते. हे करण्यात मला कमीपणा वाटत नाही. मात्र त्या दोन दिवसांत हे मुलगा असतात आणि मी सून असते, आणि तेच योग्य असते. नवरा-बायको म्हणून लागणारी वेळ त्यातून मिळत नाही, आणि एकीच्या बदल्यात दुसरी सहल झाली असे मानले की दोन्ही बाजूंना अपुरे वाटत राहते.

या सगळ्यात सर्वांत कमी वाट्याला येते ती माझी आई. वडील गेल्यापासून ती एकटी आहे, मी एकुलती एक आहे, आणि ती कधीही "ये" म्हणत नाही. खारघरहून साताऱ्याला जायचे, तर द्रुतगती मार्गावरची खंडाळ्याच्या घाटातली शनिवार सकाळची कोंडी, मग पुणे, मग खंबाटकी, अशी मजल असते. दोन दिवसांतला बराच वेळ रस्त्यावरच जातो. जी व्यक्ती मागत नाही, तिचा वाटा कुणी मुद्दाम न काढताही कमी होत जातो, हे मला गेल्या वर्षभरात फार जाणवले आहे.

यंदाचे दिवस पाहिले, तर अडचण नेमकी दिसेल. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे आणि १२ तारखेला दुसरा शनिवार आहे. ते तीन दिवस अर्थातच गावचे, आणि त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. कोकणातल्या घरचा गणपती चुकवावा असे मलाही वाटत नाही. रेल्वेची आगाऊ आरक्षणाची मुदत नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस झाली आहे, म्हणून ११ सप्टेंबरच्या रात्रीच्या कोकणकन्येसाठी आम्ही याच महिन्यात प्रयत्न करणार आहोत. २ ऑक्टोबरला शुक्रवार आहे, पण ३ तारखेला पहिला शनिवार असल्याने बँक चालू राहील. त्यानंतर थेट २५ डिसेंबरचा शुक्रवार, २६ चा चौथा शनिवार आणि रविवार असे तीन दिवस जोडून मिळतात. त्या तीन दिवसांसाठी ठाण्यात आत्ताच सर्व कुटुंबाच्या सहलीचा विचार सुरू झाला आहे, डोंबिवलीची नणंदही मुलांसह येणार आहे, आणि माझ्या मनात मात्र ते दिवस आईसाठी आहेत.

माझे विचारणे असे आहे. महिन्यातला एक ठरावीक शनिवार-रविवार आमचा, हे घरात एकदाच नीट सांगून टाकावे, की दर वेळी प्रसंग पाहून बोलावे? सांगायचे झाल्यास ते यांनी त्यांच्या आईवडिलांना सांगावे, की मी समोर असताना दोघांनी मिळून सांगावे? आणि ज्यांनी स्वतः सासू-सासरे म्हणून हे अनुभवले आहे, त्यांनी कृपया सांगावे की सुनेकडून कोणते शब्द ऐकले असता मन दुखावले नसते.

प्रतिसाद (कळवा)

मी सासू आहे, म्हणून उत्तर देण्याचा अधिकार घेते. माझा मुलगा आणि सून बाहेर जातात याचे मला कधी वाईट वाटले नाही. मी शनिवारी मासे आणून ठेवायचे आणि दुपारी फोन यायचा की ते लोणावळ्याला पोचले, त्याचे वाईट वाटायचे. आता सून महिन्याच्या पहिल्या तारखेला आमच्या कालनिर्णयावर स्वतः खुणा करून जाते, त्यात त्यांचे दिवसही असतात आणि आमचेही. मी त्यांच्या दिवसांत माझ्या बहिणीकडे जाऊ लागले. तेव्हा तुम्ही परवानगी मागितल्यासारखे बोलू नका आणि निर्णय ऐकवल्यासारखेही नको. तारखा सांगा, आणि त्याच बैठकीत त्यांच्यासाठी राखलेली तारीख आधी सांगा. हे बोलणे मुलाने करावे. सून शेजारी असावी, पण सुरुवात मुलाची असावी, नाहीतर "हे तिच्या डोक्यातलं" असे घरात कुणीतरी म्हणतेच.

आणखी एक. त्या दोघांना दोघांनीच कुठेतरी पाठवा. तुम्ही बरोबर जाऊ नका. ओळखीचा चालक असलेली गाडी करून द्या, महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर ठाण्याहून एका दिवसात होतात. पाण्याकाठी बसायची इच्छा त्यांनी तुम्हाला बोलून दाखवली, यावरून त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे असे मला वाटते.

प्रतिसाद (नेरूळ)

ताई, मीही बँकेतच आहे. तुमचे पद संवेदनशील गटात, म्हणजे गैरव्यवहाराची जोखीम असलेल्या कामांत, येत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वर्षातून एकदा किमान दहा कामकाजाचे दिवस सलग, पूर्वसूचनेशिवाय सक्तीच्या रजेवर पाठवले जाते. त्या काळात कार्यालयीन कामही करता येत नाही. पूर्वसूचना नसल्याने आरक्षण करून ठेवता येत नाही ही अडचण आहे, पण साताऱ्याला एसटीने जायला आरक्षणाची गरजच काय? मी त्या दिवसांत नेहमी माझ्या आईकडे जातो. घाटातली शनिवारची कोंडीही टळते. ती रजा सप्टेंबरात आली, तर आईला घेऊन कास पठारावर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. सुट्टीच्या दिवशी तिथे फुलांपेक्षा गाड्यांची गर्दी जास्त असते.

शिवाय पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी तुम्ही कामावर असता, पण तुमचे यजमान मोकळे असतात. त्यांनी त्या शनिवारी एकट्याने नौपाड्याला जावे. आईवडिलांना मुलगा एकटा भेटण्याचेही समाधान असते, आणि ते फार कमी घरांत मिळते.

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती)

दोघांचे मनापासून आभार. कळव्याच्या ताईंचा प्रतिसाद मी यांना वाचून दाखवला आणि बोलायला आपणच सुरुवात करायची, हे यांनी लगेच मान्य केले. पहिल्या-तिसऱ्या शनिवारी यांनी एकट्याने ठाण्याला जाण्याचा विचार आम्हाला आजवर सुचलाच नव्हता, कारण "दोघे मिळूनच जायचे" हे आम्ही गृहीत धरले होते. माझे पद संवेदनशील गटात येते, तेव्हा सक्तीची रजा आईची, असे मी ठरवून टाकले आहे.

आमचा विचार असा आहे की दुसरा शनिवार ठाण्याचा किंवा गावचा आणि चौथा आमचा दोघांचा धरावा. दोघांची पहिली सहल आम्ही २२ ऑगस्टला करणार आहोत. पावसाळ्यात धबधब्यांवर असणारी बंदी आणि घाटातली गर्दी लक्षात घेता धबधबा नसलेले, खारघरपासून तीन तासांच्या आतले आणि शांत ठिकाण कुणी सुचवले, तर उपकार होतील.

२५ डिसेंबरचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. आईला ठाणेकरांबरोबर सहलीला बोलवावे, असे यांचे म्हणणे आहे. आई नाही म्हणणार नाही, पण ती संकोचाने वागेल आणि तीन दिवस सर्वांच्या मागे-मागे राहील, असे मला वाटते. विहीणबाई म्हणून सासूबाईंचा आणि तिचा परिचय चांगला आहे, तरी एकत्र मुक्कामाचा प्रसंग कधी आलेला नाही. ज्यांनी दोन्हीकडच्या आईवडिलांना एकाच सहलीला नेले आहे, त्यांनी खोल्यांची व्यवस्था कशी केली आणि आमंत्रण कुणी दिले, मुलीने की विहीणबाईंनी, हे कृपया लिहावे. निवासाचे आरक्षण गणपतीपूर्वी करायचे असल्याने ऑगस्टअखेरपर्यंत उत्तर मिळाले, तर बरे होईल.