मदत हवी आहे: जमीन निपाणीला, फ्लॅट कोल्हापुरात, दावा नक्की कुठल्या कोर्टात?

नमस्कार मंडळी. वाटणीचा दावा आहे, थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वडील 2014 ला गेले. मागे कोल्हापुरातला फ्लॅट, बँकेच्या लॉकरमधलं आईचं सोनं आणि निपाणीजवळ दोन एकर सहा गुंठे वडिलोपार्जित जमीन. मी पुण्यात, भाऊ कोल्हापुरात. जमीन कोल्हापूरहून गाडीने तासाभरावर आहे, पण राज्य कर्नाटक. उतारा कन्नडमध्ये. तो वाचून घ्यायला निपाणीच्या झेरॉक्सवाल्याला वीस रुपये आणि एक चहा द्यावा लागला. त्यानेच दाखवलं की अठरा गुंठ्यांवर भलतंच नाव लागलंय. भावाने 2022 मध्ये परस्पर खरेदीखत करून दिलं होतं.

गेल्या वर्षी कोल्हापुरात सगळ्याचा मिळून एकच दावा लावला: फ्लॅट, सोनं आणि जमिनीची वाटणी, शिवाय ते खरेदीखत माझ्या हिश्शापुरतं बंधनकारक नाही असा जाहीर ठराव. आता भावाची कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) आली. पहिलाच आक्षेप: जमीन कर्नाटकात, म्हणून या कोर्टाला अधिकारच नाही.

आमचे वकील म्हणतात, चिंता नको. पण मागच्या तारखेला बाकावर शेजारी बसलेले एक आजोबा म्हणाले, ‘पोरी, जमिनीचा दावा जमिनीपाशीच.’ तेव्हापासून झोप नाही. माझे प्रश्न:

भाऊ कोल्हापुरातच राहतो, त्याने काही फरक पडतो का?

वडील गेल्यावर आम्ही पाचशेच्या स्टँपवर एक कागद केला होता. त्यात ‘वाद झाल्यास कोल्हापूरच्याच कोर्टात’ असं आहे, भावाची सही आहे. तो उपयोगी पडेल?

आणि दावा इथून परत दिला तर मधलं वर्ष वाया का? खरेदीखत कळल्यापासून तीन वर्षांची मुदत वकील मोजतायत.

सीमाभागकर:
आजोबा अर्धे बरोबर आहेत, ताई. सीपीसीचं (दिवाणी प्रक्रिया संहितेचं) कलम 16 तेच सांगतं: स्थावराची वाटणी, ताबा, हक्क असले दावे मिळकत असेल तिथल्या कोर्टात. प्रतिवादी कुठे राहतो हे कलम 20 मध्ये बघतात, उसनवारी, करार अशा बाकीच्या दाव्यांत. त्यामुळे भावाच्या पत्त्याचा उपयोग नाही.

पण कलम 17 वाचा. मिळकत दोन कोर्टांच्या हद्दीत असेल तर तिचा कुठलाही भाग ज्या हद्दीत आहे तिथे अख्खा दावा लावता येतो, फक्त एकूण किमतीचा दावा चालवायचा अधिकार त्या कोर्टाला हवा. मध्ये राज्याची सीमा आली म्हणून अडत नाही. चालू दावा वरिष्ठ स्तराकडे (मोठ्या किमतीचे दावे चालवणाऱ्या दिवाणी न्यायाधीशांकडे) आहे ना, एवढं बघून घ्या.

स्टँपचा कागद विसरा. पक्षकारांनी सह्या करून, नसलेला अधिकार कोर्टाला मिळत नाही. गुरगावच्या प्लॉटचा दावा दिल्लीत लावला होता, त्यावर सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये (हर्षद चिमणलाल मोदी) हेच सांगितलं.

काळाकोट:
वरच्या उत्तरात एक गोम राहिली. 2019 चा शिवनारायण विरुद्ध माणिकलाल निकाल वकिलांना दाखवा. एक मिळकत इंदूरला, दुसरी मुंबईला, आणि मुंबईच्या मिळकतीचं हस्तांतरण रद्द करा अशीही मागणी, म्हणजे जवळपास तुमचंच प्रकरण. कोर्ट म्हणालं, कलम 17 वेगवेगळ्या मिळकतींनाही लागू होतं, पण ‘दाव्यास कारण’ (ज्या घटनांमुळे दावा लावायचा हक्क मिळतो त्या) एकच हवं. तिथे ते एक नव्हतं, म्हणून मुंबईचा भाग इंदूरच्या दाव्यात टिकला नाही.

त्यामुळे सगळा खेळ तुमच्या दाव्यातल्या ‘दाव्यास कारण’ सांगणाऱ्या त्या एका परिच्छेदावर. ‘एकत्र कुटुंबाची मिळकत, भावाने हिस्सा नाकारला, त्यातच अठरा गुंठे विकले’ असा एक धागा असेल तर लढायला जागा आहे. खरेदीखत वेगळं भांडण म्हणून मांडलं असेल तर अवघड. खरेदीदाराला पक्षकार केलंय ना?

भावाने आक्षेप उशिरा घेतला असं म्हणता येणार नाही. कोर्टाने वादाचे मुद्दे ठरवायच्या आत घ्यावा लागतो (सीपीसी कलम 21), तो त्याने घेतलाय.

परत दिलाच तर सीपीसीच्या ऑर्डर 7 रूल 10 खाली दावा योग्य कोर्टात दाखल करायला परत देतात, तो फेटाळला असं होत नाही. इथे सद्भावनेने आणि नेटाने घालवलेला काळ मुदत कायद्याच्या कलम 14 खाली वजा मागता येतो. म्हणून एकही तारीख चुकवू नका, गैरहजेरी लागली की ‘नेटाने’ म्हणायला तोंड राहत नाही.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. दावा वरिष्ठ स्तरालाच आहे. खरेदीदार प्रतिवादी क्रमांक 2 आहेत, पण त्यांचं समन्स दोनदा ‘पत्ता सापडत नाही’ म्हणून परत आलंय. तो परिच्छेद मी आज पहिल्यांदा नीट वाचला, आणि वकिलांनी तिथे दोन वेगवेगळ्या तारखा टाकल्यात. नावं खोडून रात्री इथे टाइप करते, बघून सांगाल?