रडू आलं तरच उपासना मनापासून झाली का?

कृष्णाकाठ (सांगली):
जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत सध्या सरळ दोन गट पडलेत. सकाळची उपासना पुस्तकातली, पाळकांनी म्हणायचं आपण उत्तर द्यायचं, साथीला पेटी-तबला. संध्याकाळी पोरांची आराधना, कीबोर्ड, ड्रम, डोळे मिटून हात वर आणि एकच कडवं पाऊण तास. परवा एकानं माइकवर सांगून टाकलं की सकाळची मंडळी नुसती ओठांनी देवाचा मान करते, अंतःकरण लांबच. आता हे वचन मत्तय १५ मधलं, येशूनं यशया संदेष्ट्याचे शब्द घेऊन परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, सुनावलं ते, पण तिथं भांडण काय होतं ते वाचा की! आईबापाला द्यायचं ते ‘देवाला वाहिलंय’ म्हणून चुकवायचे लोक. पुस्तकात बघून म्हणायचं का तोंडपाठ, हा मुद्दाच नव्हता. माझं म्हणणं एवढंच की माणसाच्या मनात दर रविवारी उमाळा येत नाही, घरात कोण आजारी असतं, उसाचं बिल अडकलेलं असतं, तेव्हा छापलेली प्रार्थनाच शब्द पुरवते. येशूनं वधस्तंभावर हाक मारली तीसुद्धा स्तोत्र २२ ची पहिली ओळ, पाठ असलेली. ती काय मनापासून नव्हती?

ड्रमवाला_मिरज:
काका मान्य, पण सकाळी प्रभूची प्रार्थना कुठल्या स्पीडनं उरकतात ते पण लिहा ना. पापाची कबुली म्हणताना शेजारचे अंकल व्हॉट्सॲप बघत होते, आता याला काय म्हणायचं. आणि एकच कडवं परत परत म्हटलं तर बिघडलं काय, स्तोत्र १३६ मध्ये ‘त्याची दया सनातन आहे’ २६ वेळा आलंय. दावीद राजा देवाच्या कराराच्या कोशापुढं (पवित्र पेटीपुढं) नाचला तेव्हा त्याची बायको मीखलनं खिडकीतून बघून नाक मुरडलं होतं, आमच्याकडं पण खिडकीतल्या मीखल बऱ्याच आहेत 😄

जुनी_मंडळी:
ड्रम, उड्या हे आपलं नव्हेच. बाहेरून आलेलं फॅड. देवाच्या घरात शिस्त पाहिजे, प्रेषित पौलानंच लिहून ठेवलंय करिंथकरांच्या पत्रात.

पेठेतली_ताई (सातारा):
@जुनी_मंडळी पेटी कुठून आली हो? ती पण युरोपातूनच. कवी नारायण वामन टिळक १९१७ ला आमच्या साताऱ्यात राहायला आले, ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची संगत इथंच सुरू केली, त्या माणसानं ख्रिस्ताचे अभंग लिहिले, कीर्तनं केली. परदेशी चालींची सवय झालेल्यांना तेव्हा टाळ-मृदंग सुद्धा विचित्रच वाटला असेल. मिरजेत तंबोरे, सतारी बनतात, एखादा चर्चमध्ये लागला तर मला तर आवडेल बाई. पण @ड्रमवाला, माइकवर दुसऱ्याचं अंतःकरण मोजायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला तेवढं सांग.

बांधकरी (कोरेगाव):
तुम्ही सगळे चालीवरच अडकलाय राव. मत्तय ५ काढा. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काहीतरी आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. आमच्या इकडं सख्खे भाऊ बांधावरून कोर्टात गेलेत, एक तिसऱ्या बाकावर एक मागं दारापाशी, प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षारस दोघंही घेतात आणि गाताना दोघांच्याही डोळ्यात पाणी. खोटं पाणी नाही बरं का ते, खरंच येतं. पण बाहेर पडले की एकमेकाची गाडी बघून रस्ता बदलतात. ही उपासना असेल तर आमोस संदेष्ट्याला देव काय म्हणाला ते काय होतं मग, तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. पेटी असो नाहीतर ड्रम, बांधावर जे होतंय तीच खरी उपासना.

रात्रपाळी_सिस्टर (मिरज):
दादा हे ऐकायला भारी वाटतं पण मला पटत नाही. डॉ. वॉन्लेसनी १८९४ ला मिरजेत मिशनचा दवाखाना उघडला तेव्हापासून इथं सेवा म्हणजेच उपासना हे आम्ही ऐकत मोठे झालो, आणि मी बघितलंय, शेवटी त्याची सोय होते. ड्युटी हीच उपासना म्हणत लोक महिनोन्महिने प्रार्थनेला बसत नाहीत, मग ड्युटी पण कोरडी होत जाते, पेशंटवर खेकसणं सुरू. आणि समेट झाल्याशिवाय यायचंच नाही म्हटलं तर चर्चला कुलूप घाला! लूक १८ मधला जकातदार, लोकांच्या नजरेत पापीच तो, कुणाशी समेट करून आला होता? लांब उभा राहिला, छाती बडवली, नीतिमान ठरून घरी गेला.

बांधकरी:
सिस्टर, पुढचं पान उलटा की. लूक १९, जक्कय, तो पण जकातदारच. त्यानं चौपट परत द्यायची भाषा केली. आमच्यात चौपट नको, सरकवलेला बांध जिथल्या तिथं आणला तरी बास.

ड्रमवाला_मिरज:
हा मुद्दा आहे राव 👆

रात्रपाळी_सिस्टर:
उलटलं पान. येशू आधी म्हणाला आज तुझ्या घरी उतरणार, लोक कुरकुरले की पाप्याच्या घरी गेला, आणि चौपटची भाषा त्यानंतर आली. तुमचे ते दोघं भाऊ येताहेत ना अजून दर रविवारी? येऊ द्या. पाळकांना म्हणा, उपासना सुटल्यावर दोघांच्या घरी चहाला जा.