जॅग्वार एक्सजे-एस व्ही-१२ नियमित चालवता येईल का?

कोव्हेंट्रीकर

टाटा मोटर्सने २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतल्यानंतर पुण्याहून इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत आलेल्यांपैकी मी एक आहे. ज्या शहरात एक्सजे-एस बनत असे तिथेच राहत असल्याने ती अधूनमधून रस्त्यावर दिसते, आणि आता १९८४ ची बारा सिलिंडरांची (व्ही-१२) ५.३ लिटर एचई, म्हणजे 'हाय एफिशिअन्सी', कूपे विकत घेण्याचा विचार पक्का होत आला आहे. चाळीस वर्षे उलटून गेल्यामुळे तिला रोड टॅक्स नाही, एमओटी चाचणीची (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का, हे पाहणाऱ्या वार्षिक तपासणीची) सक्ती नाही आणि लंडनमध्ये यूलेझचे, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना लागणारे, शुल्कही नाही.

रोज सात-आठ किलोमीटरवरचे कार्यालय, सुट्टीला वेल्स किंवा लेक डिस्ट्रिक्ट आणि उन्हाळ्यात एकदा दक्षिण फ्रान्स, असा वापर मनात आहे. ही गाडी केवळ झाकून न ठेवता चालवणाऱ्यांनी आपला अनुभव सांगावा, ही विनंती.

तेलकट हात

दक्षिण फ्रान्सला खुशाल जा, पण कार्यालयाची फेरी तिच्या गळ्यात घालू नका. हे इंजिन पुरेसे तापेपर्यंत तुमचे कार्यालय येऊन जाईल. मग सायलेन्सरमध्ये पाणी साचते, ऑइलमध्ये पेट्रोल उतरते आणि ॲव्हरेज इतके घसरते की आकडा घरी सांगण्यासारखा राहत नाही. मोकळ्या मोटरवेवर लिटरला साडेसहा किलोमीटर मिळाले तर समाधान मानावे. शहरात चारसुद्धा कठीण.

१९७५ मध्ये ही गाडी आली तेव्हा पेट्रोल आधीच महाग झालेले होते. तहान कमी व्हावी म्हणून १९८१ मध्ये स्विस अभियंता मायकेल मे यांच्या रचनेची सिलिंडर हेड बसवून एचई आणली गेली. तिचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण) तब्बल १२.५ ला १ असल्यामुळे तिला जास्त ऑक्टेनचेच पेट्रोल लागते. सप्टेंबर २०२१ पासून साध्या पंपावर ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल) मिळते आणि त्यातील इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, तेव्हा या दोन्ही कारणांसाठी सुपर अनलेडेडच (जास्त ऑक्टेनचे, कमी इथेनॉलचे पेट्रोल) भरावे.

आता मुख्य गोष्ट, उष्णता. बॉनेट उघडलेत की दिसेल, दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या खोबणीत पेट्रोलच्या नळ्या, वायरी आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा भाग) अक्षरशः भाजत असतात. नळ्या कडक होऊन तडकतात, पेट्रोल तापलेल्या इंजिनावर झिरपते आणि आग लागते. म्हणून त्या कशाही दिसत असल्या तरी गाडी घेतल्याबरोबर सगळ्या बदलाव्यात. त्याच डिस्ट्रिब्युटरमधले ग्रीस वाळून आतली ॲडव्हान्सची, म्हणजे वेगानुसार ठिणगीची वेळ अलीकडे आणणारी, यंत्रणा जाम होते. इंजिन तरीही गुळगुळीत चालत राहते, त्यामुळे चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. ते फक्त जास्त तापते आणि जास्त पिते. रेडिएटर बाहेर काढून, त्याच्या आणि एसीच्या कंडेन्सरच्या मध्ये अडकलेला पाचोळा साफ करून घ्यावा. एकदा जरी इंजिन बेसुमार तापले तरी ॲल्युमिनियमच्या हेडमधली व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) सुटून खाली पडू शकते, आणि मग दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

सहा सिलिंडर

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण नियमित वापर हाच निकष असेल तर मुळात व्ही-१२ चा हट्ट कशासाठी? १९८३ पासून याच गाडीत ३.६ लिटरचे सहा सिलिंडरचे एजे-६ इंजिन मिळू लागले. पाच गिअरच्या मॅन्युअलसह ती चालवायला जास्त चपळ वाटते, पेट्रोल कमी पिते, आणि बॉनेटखाली हात घालायला जागा असल्याने घरच्या घरी सर्व्हिसिंग करता येते. व्ही-१२ चे बाराच्या बारा प्लग बदलायला बसलात, तर एसीच्या कॉम्प्रेसरखालच्या प्लगांपाशी तुमचा उत्साह मावळेल. प्रतिष्ठा मात्र व्ही-१२ चीच, हे नाकारत नाही.

बर्मिंगहॅमवासी

इंजिनावर एवढी चर्चा झाली, पण या गाड्या भंगारात जातात त्या बहुतेक गंजामुळे. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पसरलेले असताना ती बाहेर काढू नये, आणि इतर वेळी दर आठवड्याला तासभर तरी सलग चालवावी. महिनोन्महिने उभी राहिली की ब्रेक जाम होतात, सील वाळतात आणि डिकीतली पेट्रोलची टाकी आतून गंजते. मागचे डिस्क ब्रेक चाकांत नसून मध्यभागी डिफरन्शिअलला (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीला) लागून आहेत. त्याचे सील गळू लागले तर तेल थेट डिस्कवर येते, आणि ते काम नीट करायचे तर मागची सगळी जोडणी खाली उतरवावी लागते.

एमओटीची सक्ती नसल्याचा आनंद मला तरी पटत नाही. वर्षातून एकदा कोणी परका माणूस गाडीचा तळ पाहतो, ही सोय आपणहून का सोडावी? स्वेच्छेने चाचणी करून घेता येते. शिवाय गाडीच्या जुन्या एमओटी नोंदी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. त्यात गंजाचा उल्लेख वर्षानुवर्षे येऊन अचानक नाहीसा झाला असेल, तर वेल्डिंगची बिले मागावीत. विम्याचेही पाहून घ्या: जुन्या गाड्यांच्या बहुतेक पॉलिसींत वर्षाच्या मैलांना मर्यादा असते आणि कार्यालयाची ये-जा वेगळी विचारून घ्यावी लागते.

कोव्हेंट्रीकर

सर्वांचे मनापासून आभार. कार्यालयासाठी सायकल पुरेशी आहे, तेव्हा तो मुद्दा निकाली निघाला. ३.६ चा पर्याय समजला, तरी मन बारा सिलिंडरांवरच आहे. विक्रेता गाडी लिफ्टवर चढवून दाखवायला तयार आहे. खाली नेमके काय पाहावे?

बर्मिंगहॅमवासी

मागच्या चाकांच्या पुढे, जिथे रेडियस आर्म (मागची चाके जागेवर धरणारे दांडे) तळाच्या पत्र्याला बोल्टने जोडलेले असतात, ती जागा सर्वांत आधी पाहा. तिथे जाड काळा लेप नव्याने थापलेला असेल तर खालचा पत्रा शाबूत असल्याचे गृहीत धरू नका. त्यानंतर दाराखालच्या सिल्स, मागच्या चाकांच्या कमानी आणि समोरच्या काचेची चौकट पाहा.

तेलकट हात

आणि तुम्ही पोहोचाल तेव्हा इंजिन थंड असले पाहिजे, हे विक्रेत्याला आधीच बजावून ठेवा. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन थंडपणी कसे सुरू होते ते कळत नाही. तिथून निदान अर्धा तास चालवा, मग एसी लावून उभ्या गाडीतच इंजिन चालू ठेवा आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. काटा मध्याच्या वर सरकत राहिला, तर दुसरी गाडी शोधा.