मदत हवी आहे: सर्व्हरवर चालतंय, काउंटरवरून डेटाबेस जोडला जात नाही

नमस्कार मंडळी, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं चादर-टॉवेलचं गोडाऊन आहे, तिथं एका पीसीवर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस (मायक्रोसॉफ्टचं फुकट डेटाबेस सॉफ्टवेअर) टाकलाय आणि बिलिंगचे तीन काउंटर त्यालाच जोडलेत. व्हायरस साफ करून घेतल्यापासून विंडोज फायरवॉल चालू झालाय (आधी कुणीतरी बंदच ठेवला होता) आणि तेव्हापासून तिन्ही काउंटरवर एरर २६ येतोय, म्हणजे सर्व्हर किंवा इन्स्टन्स (त्यावर चालणारा नाव दिलेला एसक्यूएल) सापडत नाही. सर्व्हरच्या पीसीवर मात्र सगळं व्यवस्थित उघडतं.

पिंग होतंय, आयपी फिक्स आहे, एसक्यूएलच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी/आयपी (नेटवर्कवरून जोडणी) एनेबल आहे. फायरवॉलमध्ये १४३३ चं (एसक्यूएलचं नेहमीचं) इनबाउंड पोर्ट उघडून सर्व्हिस रिस्टार्ट केली तरी तेच. फायरवॉल दोन मिनिटं बंद केला की लगेच बिल निघतं, पण तो तसा बंद ठेवायचा नाहीये, परत व्हायरस नको. नेटस्टॅट (कोण कुठल्या पोर्टवर आहे ते दाखवणारी कमांड) मारल्यावर दिसलं की एसक्यूएल १४३३ वर नाहीच, पन्नास हजाराच्या पुढच्या कुठल्यातरी पोर्टवर ऐकतोय.

सॉफ्टवेअरवाला फोन उचलत नाही. कनेक्शन स्ट्रिंग (सर्व्हरचा पत्ता लिहिलेली ओळ) बिलिंगच्या आयएनआय फाइलमध्ये आहे, ती मी बदलू शकतो, सर्व्हर मात्र रात्री ९ नंतरच बंद करता येईल, दिवसभर गाड्या भरायच्या असतात.

तर टीसीपी/आयपीच्या सेटिंगमधल्या आयपीऑलमध्ये डायनॅमिक पोर्ट (आपोआप बदलणारं) रिकामं करून १४३३ टाकू आणि स्ट्रिंगमध्ये इन्स्टन्सच्या नावाऐवजी आयपी, स्वल्पविराम, १४३३ असं लिहू, का एसक्यूएलची ब्राउझर सर्व्हिस (इन्स्टन्सचं पोर्ट काउंटरला सांगणारी) चालू करून यूडीपी १४३४ उघडू? दुसऱ्या पद्धतीत sqlservr.exe ला (म्हणजे खुद्द एसक्यूएलच्या प्रोग्रामला) पण फायरवॉलमध्ये वेगळी परवानगी द्यावी लागेल का?