मदत हवी आहे: ओमेगा सेंटॉरीचा मध्यभाग फोटोत पांढराफटक येतोय

नमस्कार मंडळी,

वैशाख अमावास्येला गुहागरजवळच्या आमच्या सड्यावर दुर्बीण लावली होती. रात्री दहाच्या सुमारास चित्रा बरोब्बर दक्षिणेला आली आणि तिच्या थेट खाली, तिच्यापासून ३६ अंश अंतरावर, नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ सापडला. नुसत्या डोळ्यांना तो धूसर ताऱ्यासारखा दिसतो. ८ इंची न्यूटोनियनला (आरशाच्या दुर्बिणीला) २५ मिमीचं आयपीस लावून बाबांना बोलावलं. ते बराच वेळ डोळा काढेनात. मग म्हणाले, "काळ्या घोंगडीवर रवा सांडलाय रे! मधोमधसुद्धा दाणा न दाणा वेगळा." सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवरचे साधारण १ कोटी तारे आहेत ते!

तोच रवा मला फोटोत हवाय. पण कडेचे तारे सुटे येतात आणि मध्यभागी भिजल्या रव्याचा गोळा होतो. फोकल लेंग्थ १२०० मिमी, क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर, आयएसओ १६००, ६० सेकंदांच्या ४० फ्रेम्स स्टॅक केल्या (एकावर एक रचून एकच फोटो केला). ट्रॅकिंग ठीक आहे, तारे लांबट नाहीत. एक्स्पोजर कमी करू की आयएसओ?

शिवाय प्रत्येक ताऱ्याची एक कड निळसर, दुसरी लालसर येते. आरसा बिघडलाय का? आरसा म्हटलं की पोटात गोळा येतो, खूप दिवस पैसे साठवून घेतलाय.

प्रतिसाद:
आरशाला हात लावू नका. तुमच्याकडून हा गुच्छ क्षितिजापासून जास्तीत जास्त २५ अंश वर येतो. तिथला प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या सव्वादोन पटींहून जास्त हवेतून येतो आणि हवा प्रिझमसारखी रंग फोडते. स्टॅक झाल्यावर लाल, हिरवा, निळा चॅनल वेगवेगळे जुळवा. चित्रा दक्षिणेला असतानाच्या आगेमागेच फ्रेम्स घ्या, तेव्हाच गुच्छ सर्वांत वर असतो.

मध्यभागाचं म्हणाल, तर आधी एकच मूळ फ्रेम उघडून बघा. तिथे तारे सुटे असतील, तर ते स्ट्रेच करताना, म्हणजे फोटोतला अंधुक भाग उजळताना, जळताहेत. तसं नसेल, तर १० सेकंदांचा वेगळा संच घेऊन फक्त मध्यभागी मिसळा.

धागाकर्ता:
आत्ताच फ्रेम उघडली. थोडे मोठे तारे जळालेत, पण बाकीचे सुटे आहेत, अगदी मधोमधसुद्धा! बाबांना दाखवायला चाललोय. आज रात्री पुन्हा, हलक्या हाताने स्ट्रेच करून बघतो.