सी ड्राइव्ह लाल झालाय, डीफ्रॅग केलं तरी जागा होईना

मिरजकर
नमस्कार मंडळी. घरी बाबांचा जुना डेस्कटॉप आहे, विंडोज १०, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क. सीला १०० जीबी दिलेत, बाकी सगळं डीला. आता सीमध्ये फक्त ४ जीबी उरलेत, पट्टी लालभडक, चालू केल्यावर डेस्कटॉप दिसायला सहा मिनिटं लागतात आणि बाबा तोवर नुसते बघत बसतात, मला खरंच वाईट वाटतं. सोसायटीचे हिशेब त्यातच आहेत आणि आईचे सगळे जुने फोटो पण, त्यामुळे दुकानवाला म्हणतोय तसं फॉरमॅट मारायचं नाहीये. काल डीफ्रॅग लावलं, तीन तास चाललं, जागा होती तेवढीच. माझं काय चुकतंय?

जुनापीसी
मिरजकर, डीफ्रॅगने जागा होतच नाही, गैरसमज तिथेच आहे. एका पोथीची सुटी पानं चार कपाटांत पडलीयत असं समजा, वाचताना दर पानाला उठून दुसऱ्या कपाटाकडे जावं लागतं, हार्ड डिस्कचं हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, पण असंच इकडून तिकडे पळत असतं. डीफ्रॅग ती पानं एका जागी लावून देतं, पानं काही कमी होत नाहीत. आणि लावायला पण मोकळी जागा लागते ना, ड्राइव्हचा साधारण १५ टक्के भाग रिकामा हवा, तुमच्याकडे ४ आहे, मग ते तीन तास वायाच जाणार.

म्हणून आधी सफाई. स्टार्टमध्ये डिस्क क्लीनअप शोधा, सी निवडा आणि त्यात ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ दाबा, खरा माल तिथे निघतो. जुन्या अपडेटचा कचरा, मोठं अपग्रेड नुकतंच झालं असेल तर आधीचं अख्खं विंडोज. पण टिक करताना यादी वाचा, काही व्हर्जनमध्ये तिथे डाउनलोड्स फोल्डर पण असतं आणि ते गेलं की गेलं. मग हायबरनेटची फाइल (पीसी बंद करताना चालू असलेलं काम डिस्कवर साठवतात ती), ती रॅमच्या साधारण ४० टक्के असते, म्हणजे तुमची तीनेक जीबी. हायबरनेट वापरत नसाल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ. त्याने फास्ट स्टार्टअप, म्हणजे विंडोज लवकर चालू व्हायची सोय, पण बंद होतं, तेवढं लक्षात असू द्या.

फोटोंसाठी पिक्चर्स फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि डीवर जागा दाखवा. कट-पेस्ट करत बसू नका, असं केलं की पुढचे फोटो पण आपोआप डीवरच जातात.

कोथरूडची_ताई
थांबा थांबा, काहीही करायच्या आधी हिशेब आणि आईचे फोटो बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा!! आणि हे डीवर ठेवले म्हणजे बॅकअप झाला असं नाही हं, सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग आहेत, डिस्क गेली की दोन्ही जाणार. माझ्या भावाच्या पीसीतून टिक टिक आवाज यायचा, आम्ही स्लो आहे म्हणून रात्रभर डीफ्रॅग लावलं आणि सकाळी डिस्क दिसेचना, भाचीच्या बारशाचे फोटो गेले ते गेलेच. डीफ्रॅगमध्ये डिस्क तासन्‌तास राबते, आजारी डिस्कला ते झेपत नाही. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात ‘गुड’ दिसलं तरच पुढे जा, ‘कॉशन’ आलं तर डीफ्रॅगचा विचारच सोडा, आधी डेटा काढून घ्या.

नाशिक_८२
वरचं सगळं बरोबर. फक्त हा धागा वाचून कोणी एसएसडीवर (फिरते भाग नसलेली, चिपवाली वेगवान डिस्क) डीफ्रॅग चालवू नका, तिथे हेडच नसतं त्यामुळे फायदा शून्य आणि उगाच रायटिंग वाढतं. विंडोजला एसएसडी ओळखू आली की ऑप्टिमाइझ दाबल्यावर ते ट्रिम करतं, म्हणजे डिलीट झालेल्या डेटाची जागा मोकळी आहे असं एसएसडीला कळवतं, ते चालू राहू द्या. आणि मिरजकर, जमलं तर २५६ जीबीची एसएसडी टाकून विंडोज तिच्यावर क्लोन करून (जसंच्या तसं उतरवून) घ्या, सहा मिनिटांवर खरा उपाय तोच.

मिरजकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं ऐकून आधी पेनड्राइव्हवर हिशेब आणि मावसभावाच्या डिस्कवर फोटो घेतले. डिस्क ‘गुड’ आहे. सफाईत ११ जीबी, हायबरनेटचे ३, आणि डेस्कटॉपवर कुणीतरी टाकलेले लग्नाचे व्हिडिओ व फोटो डीवर नेले ते १९, म्हणजे आता सीमध्ये ३७ मोकळे. मग डीफ्रॅग लावलं, सुरुवातीला ३१ टक्के विखुरलेलं दाखवत होतं. आता अडीच मिनिटांत डेस्कटॉप येतो, बाबा खूश आहेत. एसएसडी दिवाळीला बघू. एकच राहिलं, विंडोजमध्ये विनएसएक्सएस नावाचं फोल्डर ८ जीबी दाखवतंय, ते उडवू का?

जुनापीसी
अजिबात नको! हाताने डिलीट केलंत तर विंडोज चालूच होणार नाही कदाचित. तिथल्या बऱ्याच फाइल्स सिस्टिमच्या दुसऱ्या फोल्डरमधल्याच असतात, त्या दोनदा मोजल्या जातात म्हणून आकडा फुगलेला दिसतो. त्यातलं काढण्यासारखं जे होतं ते डिस्क क्लीनअपने त्या ११ जीबीत काढलंय.