एलेव्हेशन: उंची, उन्नतांश की उठाव?

भाचा सोलापूर परिसराची जमीन संगणकावर त्रिमितीत उभी करतोय आणि त्याची टिपणं मराठीत लिहिण्याचं काम माझ्याकडे आलंय. पहिल्याच ओळीत अडले: 'एलेव्हेशन डेटा'. आमच्याकडे एलेव्हेशन म्हणजे घराची दर्शनी बाजू. 'एलेव्हेशन छान काढलंय' असं गवंडीही म्हणतो आणि घरमालकही. एका ठिकाणी 'उन्नतांश' वाचला. तो चालेल का?

*

उन्नतांश नका घेऊ. तो खगोलातला शब्द आहे. तारा क्षितिजापासून किती अंश वर आहे, ते त्याने सांगतात. तुमचे आकडे मीटरमध्ये आहेत. मोजणीवाले 'लेव्हल घेतली' म्हणतात, पण लिखाणात एकदा 'समुद्रसपाटीपासूनची उंची' लिहावं आणि पुढे नुसतं 'उंची'. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीमुळे हे सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

*

पटलं. पण अडचण पुढे आहे. भाच्याने घेतलेली माहिती फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानातून रडारने केलेल्या मोजणीची आहे. एक अंश बाय एक अंशाचा एक तुकडा, साधारण ३० मीटरवर एक आकडा, म्हणजे ३६०१ ओळी आणि तितकेच स्तंभ. तुकड्याचं नाव नैर्ऋत्य कोपऱ्याच्या अक्षांश-रेखांशावरून पडतं (एन म्हणजे उत्तर, ई म्हणजे पूर्व), म्हणून सोलापूर आणि पंढरपूर 'एन१७ई०७५' मध्ये येतात, बार्शी वरच्या तुकड्यात जाते आणि अक्कलकोट उजवीकडच्या. इथवर 'उंची' शब्द नीट बसतो.

सॉफ्टवेअरमध्ये घेताना मात्र त्याने याचं करडं चित्र केलं. सर्वांत सखल जागा काळी, सर्वांत उंच पांढरी. चित्रात मीटर उरले नाहीत आणि आमचा माळ सह्याद्रीसारखा उभा राहिला! खालची-वरची खरी उंची हाताने भरल्यावर तो पुन्हा माळ झाला. मग त्या करड्या चित्राला 'उंचीचा नकाशा' म्हणणं मला खोटं वाटतं.

*

खोटंच आहे. तिथे 'उठाव' म्हणा. आजूबाजूच्या मानाने किती वर आलंय, एवढंच तो शब्द सांगतो. आपल्या चादरीवरच्या नक्षीला उठाव येतो, तो समुद्रसपाटीपासून कोण मोजतं? फक्त बाजारात 'मालाला उठाव नाही' म्हणतात आणि इतिहासात बंडालाही उठाव म्हणतात, म्हणून भूगोलातला 'भूउठाव' घ्यावा. चित्र ८ बिटांचं असेल तर भूउठावाच्या २५६च पायऱ्या मिळतात आणि उतारावर बांध घातल्यासारखे टप्पे दिसतात. १६ बिटांत ६५,५३६ मिळतात. भाच्याला हे जरूर सांगा.

*

सांगते. आणखी एक. जुन्या फायलींत पाण्यावर किंवा डोंगराच्या आडोशाला जिथे मोजणी झालीच नाही, तिथे उणे ३२,७६८ हा आकडा भरलेला असतो. सॉफ्टवेअर तो खरा धरतं आणि जमिनीत अतिखोल विहीर पडते. भाचा त्याला 'खड्डा' लिहून बसला होता.

*

खड्डा नव्हे, खाडा. हजेरीत पडतो तसा. शेजारच्या आकड्यांवरून तो आधी भरून घ्यायचा, मगच चित्र करायचं.

*

'खाडा' घेतला. टिपण आता असं सुरू होतं: 'तुकड्यातले खाडे भरले, उंची मीटरमध्ये ठेवली आणि भूउठाव १६ बिटांत काढला.'